गाडीरस्ता नसलेल्या ग्रीक गावात आठवडाभर: लुत्रोला जाणाऱ्यांसाठी

आमचा मूळ बेत नऊ रात्रींत चार बेटांचा होता. तो कागद सासूबाईंनी चष्मा लावून नीट वाचला आणि विचारलं, "म्हणजे रोज बॅगा भरायच्या. मग सुट्टी कधी?" त्या प्रश्नानं मिकोनोस गेलं, सांतोरिनी गेलं, आणि क्रीटच्या दक्षिण किनाऱ्यावरचं लुत्रो नावाचं एक गाव उरलं. तिथे आम्ही सलग सात रात्री राहिलो. मी, नवरा आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई.

लुत्रोला गाडीनं जाता येत नाही. बोटीनं जायचं, नाहीतर डोंगर उतरून पायी. अर्धवर्तुळासारखी वळलेली छोटी खाडी, पाण्यालगत पांढरी घरं, निळ्या खिडक्या आणि मागे सरळ उभा डोंगर. गाव एवढंच आहे. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला रमतगमत दहा मिनिटं पुरतात. "मग सात दिवस करायचं काय?" असा प्रश्न पडत असेल तर हे गाव तुमच्यासाठी नाही. त्यात काही गैर नाही, पण तिकिटं काढण्याआधी ते कळलेलं बरं.

१. गावाचं नाव दोनदा तपासा

हा पहिलाच सापळा आहे. ग्रीकमध्ये 'लुत्रो' म्हणजे स्नान किंवा न्हाणीघर, त्यामुळे या नावाची भावंडं देशभर आहेत. 'लुत्रा' नावाची गावं अनेक बेटांवर आहेत, आणि 'लुत्राकी' तर कोरिंथजवळचं चांगलं मोठं शहर आहे. खोली शोधताना सगळी एका रांगेत समोर येतात. नकाशात 'क्रीट, स्फाकिया भाग' दिसल्याशिवाय पैसे भरू नका.

बाकीची नावंही छळतात. जवळच्या मोठ्या शहराचा उच्चार 'हान्या' आहे, पण इंग्रजीत ते कधी सी-एच, कधी नुसतं एच, तर कधी एक्सनं सुरू होतं. बोट जिथून सुटते ते 'होरा स्फाकिओन' पाट्यांवर कुठे 'स्फाकिया' एवढंच असतं. ही सगळी रूपं वहीत लिहून ठेवा. बसस्टँडवर उपयोग होतो.

२. महिना निवडा

गावाचा हंगाम साधारण मे ते ऑक्टोबर. हिवाळ्यात बहुतेक खानावळी आणि खोल्या बंद असतात, बोटीही कमी होतात. मे महिन्यात डोंगर हिरवे आणि फुलांनी भरलेले, पण समुद्र गारठवतो. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन भाजून काढतं आणि खोल्या मिळत नाहीत. त्यात १५ ऑगस्टला मेरीमातेचा मोठा सण. आपल्याकडे गणपतीत चाकरमानी कोकणात उतरतात, तशी त्या आठवड्यात निम्मी अथेन्स आपापल्या गावी जाते. बोटी, विमानं, खोल्या सगळं भरलेलं.

माझं मत विचाराल तर सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा. उन्हाळाभर तापलेलं पाणी अजून कोमट असतं आणि गर्दी ओसरलेली असते. ज्येष्ठांना घेऊन जात असाल तर यावर वाटाघाट करू नका.

ग्रीक ईस्टर आपल्या कॅलेंडरमधल्या ईस्टरच्या दिवशीच असतो असं नाही. २०२७ मध्ये तो २ मे रोजी आहे. त्या आठवड्याच्या आसपास जाणार असाल तर सुट्ट्यांची वेळापत्रकं आधी बघा.

३. व्हिसाच्या आधी खोली

लुत्रोत मोठी हॉटेलं नाहीत. लहान हॉटेलं आणि 'दोमातिया' म्हणजे भाड्यानं दिलेल्या खोल्या, बऱ्याचशा कुटुंबांनी चालवलेल्या आणि खाली त्यांचीच खानावळ. दिवेआगरला घरगुती राहण्याची सोय पाहिली असेल तर कल्पना येईल. खोली ठरवताना हे विचारा:

- खोली कितव्या मजल्यावर आहे आणि पायऱ्या किती? गाव डोंगराला चिकटलेलं आहे, लिफ्टची आशा धरू नका.
- एसी भाड्यात धरलाय की वेगळा?
- गरम पाणी सौर बंबाचं असेल तर ढगाळ दिवशी चालू करायचं बटण कुठे आहे?
- रद्द केल्यास पैसे परत मिळतील का, आणि कोणत्या तारखेपर्यंत?

बुकिंगच्या कागदावर सर्व प्रवाशांची नावं पासपोर्टप्रमाणे लिहून घ्या. 'तीन प्रौढ' एवढंच लिहिलेला कागद व्हिसाच्या खिडकीवर अडतो. आमचा अडला होता. खोलीच्या भाड्याशिवाय सरकारी करही असतो, दर खोलीमागे दर रात्रीचा, आणि बहुधा तिथे पोहोचल्यावर भरायचा. हॉटेलचा दर्जा आणि हंगाम यांनुसार तो बदलतो. तो दिसला म्हणून घरमालकिणीशी वाद घालू नका, तिच्या खिशात तो जात नाही.

४. व्हिसा

ग्रीस शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, येतो. प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी अर्ज करता येतो. निर्णयाला सर्वसाधारणपणे १५ दिवस लागतात, पण ४५ पर्यंत ताणले जाऊ शकतात. खरी अडचण अपॉइंटमेंटची असते. उन्हाळ्याच्या तोंडावर तारखाच नसतात, म्हणून तीन महिने आधीपासून मागे लागा. जून २०२४ पासून प्रौढांचं शुल्क ९० युरो आहे, व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं.

लागणारी कागदपत्रं:

- पासपोर्ट: दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध, दोन पानं कोरी. जुने पासपोर्टही न्या.
- भरलेला अर्ज आणि ३५ × ४५ मिमीचे ताजे फोटो.
- जाण्या-येण्याचं विमान आरक्षण.
- प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा.
- किमान ३०,००० युरो संरक्षण देणारा प्रवास विमा, संपूर्ण मुक्कामासाठी.
- बँकेचं शिक्का मारलेलं स्टेटमेंट, आयटीआर.
- नोकरी असेल तर पगारपत्रकं आणि रजा मंजूर झाल्याचं पत्र. निवृत्तांसाठी पेन्शनचे कागद.
- प्रवासाचा हेतू आणि दिवसवार कार्यक्रम सांगणारं पत्र.

यातली 'प्रत्येक रात्र' ही अट गंभीरपणे घ्या. आम्ही एक रात्र बोटीत काढणार होतो, त्यामुळे त्या तारखेला हॉटेल नव्हतं आणि कागदावर भोक पडलं. बोटीच्या केबिनचं तिकीट जोडल्यावर ते बुजलं. आणि दिवसवार कार्यक्रमात 'लुत्रो, विश्रांती' असं सात वेळा लिहायला संकोच वाटू देऊ नका. आम्ही तसंच लिहिलं, व्हिसा मिळाला.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमांवर पासपोर्टच्या शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेऊन नोंद करणं सुरू झालं आहे. पहिल्या खेपेला याला वेळ लागतो. अथेन्सला उतरल्यावर पुढचं विमान दीड तासात असेल तर ते चुकलंच समजा.

५. पोहोचायचं कसं

चार टप्पे आहेत. ऐकायला भीतीदायक, पण ओळीनं जुळतात.

मुंबईहून अथेन्स. आखातातून किंवा इस्तंबूलमार्गे बरेच पर्याय आहेत.

अथेन्सहून हान्या. विमानानं जेमतेम पाऊण-एक तास. किंवा पिरेअस बंदरातून रात्रीची मोठी बोट, जी पहाटे हान्याजवळच्या सूदा बंदरात सोडते. विमानतळावरून पिरेअसला मेट्रोची ३ क्रमांकाची निळी लाईन थेट जाते. मेट्रोत खिसेकापू आहेत, पाठीवरची सॅक पुढे घ्या. बोटीत केबिन घ्या. पैसे वाचवायला खुर्चीचं तिकीट काढाल तर दुसरा दिवस झोपेत जाईल.

हान्याहून होरा स्फाकिओन. केटेल नावाची एसटीसारखी बससेवा आहे. दोन तासांच्या आसपास लागतात. लेफ्का ओरी म्हणजे 'पांढरे डोंगर' ओलांडून बस एकदम दक्षिणेला उतरते. उतारावरची वळणं आंबेनळी घाटाला लाजवतील अशी. गाडी लागणाऱ्यांनी गोळी आधी घ्यावी आणि पुढे बसावं. बस दिवसाला मोजक्याच असतात आणि त्यांची वेळ बोटीशी जुळवलेली असते. बस चुकली की बोटही गेली. वेळापत्रक हंगामात बदलतं, त्यामुळे जाण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा पाहा.

होरा स्फाकिओनहून लुत्रो. अनेन्दिक कंपनीची फेरीबोट, साधारण वीस मिनिटं. दाभोळ-धोपावेची फेरीबोट पाहिली असेल तर हिचा जबडा ओळखीचा वाटेल. फळी खाली पडते आणि माणसं आपापल्या पिशव्या घेऊन बाहेर. तिकीट धक्क्याजवळच्या खिडकीवर काढतात.

गाडी भाड्यानं घ्यावी का? लुत्रोसाठी अजिबात नाही. आठवडाभर ती होरा स्फाकिओनला उन्हात उभी राहील आणि तुम्ही भाडं भराल. आधी-नंतर क्रीट फिरायचं असेल तर घ्या, पण आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढूनच निघा.

६. बॅगेत काय

मोठी चाकांची बॅग घरी ठेवा. गोट्यांवर चाकं फिरत नाहीत, पायऱ्यांवर तर ती तुम्हालाच ओढते. आम्ही तिघांत एक मोठी बॅग नेली होती आणि नवऱ्यानं ती डोक्यावर घेऊन गावात प्रवेश केला.

पाण्यात घालायचे रबरी बूट न्याच. किनारा वाळूचा नाही, गोट्यांचा आहे, आणि खडकांत काळे काटेरी सी अर्चिन असतात. काटा पायात मोडला तर दोन दिवस गेले. टोपी, सनस्क्रीन, नेहमीची सगळी औषधं आणि त्यांची चिठ्ठी. प्लग युरोपियन गोल दोन पिनांचा असतो. आपला दोन पिनांचा मोबाईल चार्जर बहुतेक ठिकाणी बसतो, तीन पिनांचा बसत नाही. एक प्लास्टिकचा मग घ्या, कारण संडासात जेट नसतो. त्याच संदर्भात: टॉयलेट पेपर कमोडमध्ये टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा. जुने पाइप अरुंद असतात आणि तुंबतात. पाटी सगळीकडे लावलेली असते, ती गंमत म्हणून लावलेली नाही.

पैसे: कार्ड चालतं, पण आठवड्याला पुरेल एवढी रोकड हान्यातच काढून घ्या, लुत्रोत एटीएमच्या भरवशावर राहू नका. यंत्रानं 'रुपयांत हिशोब करू का?' असं विचारलं तर नाही म्हणा आणि युरो निवडा. रुपयांचा दर ते आपल्या सोयीनं लावतात.

७. जेवण

शाकाहारी मंडळींनी सोबत ठेपले, मेतकूट न्यावं का? न्या, पण बहुधा परत आणाल. क्रीटचं रोजचं जेवण भाजी, डाळी-कडधान्य, चीज आणि ऑलिव्ह तेलावर उभं आहे. मागवायच्या गोष्टी: 'दाकोस', म्हणजे जवाच्या कडक टोस्टवर किसलेला टोमॅटो, चीज आणि तेल. 'होर्ता', उकडलेली रानभाजी, वर तेल आणि लिंबू. 'यिगांदेस', टोमॅटोत शिजवलेले टपोरे पांढरे घेवडे, ज्यांना सासूबाईंनी "मसाला विसरलेली पावट्याची उसळ" म्हटलं आणि तीन वेळा मागवली. 'ब्रियाम', भट्टीत भाजलेली मिश्र भाजी. हान्याकडचं 'बुरेकी', त्यात बटाटा, झुकिनी आणि मिझिथ्रा चीज.

आणि स्फाकियाची पिता. मिझिथ्रा भरून लाटलेली पातळ पोळी तव्यावर भाजतात, वर मध सोडतात. पुरणपोळीवर तूप सोडणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

आता भाषेचा सापळा, ज्यात आम्ही सपशेल पडलो. ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे हो. नाही म्हणजे 'ओही'. भरलेल्या टोमॅटोकडे बोट दाखवून मी विचारलं, यात मांस आहे का? बाई हसून म्हणाल्या, "ने, ने." मला ते आपलं 'नै, नै' ऐकू आलं. पहिल्या घासाला खिमा लागला. तेव्हापासून 'होरिस क्रेआस', म्हणजे 'मांसाशिवाय', हे दोन शब्द पाठ केले. हनुवटी वर करून जिभेनं 'त्स्' केलं तर मात्र ते नाहीच असतं. हे आपल्या 'च्'सारखंच आहे, तिथे गोंधळ होत नाही.

दूधदुभतंही नको असेल तर 'निस्तीसिमो' विचारा. चर्चच्या उपासाला चालणारं, मांस-दूध-अंडी नसलेलं अन्न. फक्त त्या उपासाला कोळंबी, कालवं चालतात, एवढं लक्षात असू द्या.

मासे खाणाऱ्यांसाठी दोन सूचना. ताज्या माशाची किंमत बहुतेकदा किलोवर लिहिलेली असते, ताटावर नाही. मासा निवडा, समोर वजन करायला सांगा, आकडा ऐका आणि मगच भाजायला पाठवा. गोठवलेल्या माशाला मेन्यूत फुली किंवा 'कत.' अशी खूण असते. ती शोधायची सवय लावा.

पाव न मागता येतो आणि त्याचे पैसे लागतात. बिल मात्र मागितल्याशिवाय येत नाही. आम्ही पहिल्या रात्री पाऊण तास वाट पाहिली आणि उगाच चिडलो. तिथे बिल आणून ठेवणं म्हणजे 'उठा आता' म्हणण्यासारखं. 'तो लोगारियास्मो, पाराकालो' म्हणायचं. मग बिलासोबत फळं आणि त्सिकुदिया ऊर्फ राकी या द्राक्षांच्या कडक दारूची छोटी बाटली येते, फुकट. ती पाण्यासारखी दिसते, पाण्यासारखी प्यायची नाही.

कॉफी मागताना साखर आधीच सांगावी लागते, कारण ग्रीक कॉफी साखरेसकट उकळतात: 'स्केतो' बिनसाखरेची, 'मेत्रियो' मध्यम, 'ग्लिको' गोड. खाली गाळ बसतो, तो ढवळू नका.

८. दिवस कसा घालवायचा

इथे सूचना कमी आहेत. सकाळी आठच्या आत पोहून घ्या, तेव्हा खाडी काचेसारखी असते. पाणी लवकर खोल होतं, पोहता न येणाऱ्यांनी काठ सोडू नये. दुपारी ३ ते ५:३० ही उन्हाळ्यातली शांततेची वेळ आहे. मोठ्यानं गाणी लावायची नाहीत, फोनवर ओरडायचं नाही. १ ते ४ च्या पाट्यांवर वाढलेल्या पुणेकरांना हे जमेल, बाकीच्यांनी प्रयत्न करावा. रात्रीचं जेवण नऊच्या पुढे. सात वाजता गेलात तर खानावळीत तुम्ही आणि मांजरी.

कंटाळा तिसऱ्या दिवशी येतो. चौथ्या दिवशी जातो. तिसऱ्या दिवशी घाईनं बोटीची तिकिटं काढू नका.

९. पाय मोकळे करायचे असतील तर

किनाऱ्यानं ई-४ ही युरोपातली लांब पल्ल्याची पायवाट जाते. पूर्वेला तासा-सव्वा तासावर 'ग्लिका नेरा', म्हणजे गोडं पाणी. समुद्रापासून चार पावलांवर गोट्यांत हातानं खड्डा केला की थंडगार गोडं पाणी वर येतं. सिंधुदुर्ग किल्ल्यातल्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव पाहिलेल्याला आश्चर्य कमी वाटेल आणि आनंद जास्त. ही वाट एका ठिकाणी उभ्या कड्याच्या पोटातून जाते. उंचीची भीती असलेल्यांनी छोट्या बोटीनं जावं. सासूबाई बोटीनं गेल्या आणि आमच्या आधी पोहोचून पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या.

पश्चिमेला मारमारा, अरादेना घळीच्या तोंडाशी संगमरवरी खडकांतला किनारा. तेवढंच अंतर, सावली जवळजवळ नाही. माणशी दीड-दोन लिटर पाणी घ्या आणि सकाळीच निघा.

सामारियाची घळ सगळ्यांना करायची असते. वरून खाली १६ किलोमीटर, दगडधोंड्यांतून, गुडघ्यांची परीक्षा. आळशी मार्ग असा: लुत्रोहून सकाळच्या बोटीनं आय्या रुमेलीला जा, तिथून घळीत वर चालत सर्वांत अरुंद जागेपर्यंत, जिला 'पोर्तेस' म्हणजे दारं म्हणतात, आणि तिथून मागे फिरा. दोन भिंतींमध्ये जेमतेम चारेक मीटर आणि वर आभाळाची चिंधी. सगळ्यांत देखणा भाग तेवढ्यात पाहून होतो. संध्याकाळची परतीची बोट चुकवू नका, त्यानंतर काही नसतं.

१०. परतीचा दिवस

मुंबईच्या विमानाच्या आदल्या रात्री लुत्रोत झोपू नका. वारा वाढला की बोटी बंद होतात. 'आपागोरेफ्तिको' हा शब्द धक्क्यावर ऐकू आला तर समजा की आज बंदी आहे. मग हातापाया पडून उपयोग नाही. हे आजचं नाही. लुत्रोच्या बाजूलाच प्राचीन फिनिक्स बंदर होतं असं मानतात. संत पॉलला घेऊन जाणारं जहाज हिवाळा काढायला फिनिक्सकडे निघालं होतं, असं बायबलमध्ये आहे. वादळानं ते भलतीकडे नेलं आणि शेवटी माल्टाला फुटलं.

तर एक रात्र हान्यात ठेवा. जुन्या व्हेनिशियन बंदराजवळ खोली घ्या, दीपस्तंभापर्यंत चालत जा, मध आणि वाळलेला ओरेगानो इथेच विकत घ्या. मध चेक-इनच्या बॅगेत, दोन प्लास्टिक पिशव्यांत आणि टॉवेलात गुंडाळून. आमच्या दोन बाटल्यांपैकी एक ठाण्यापर्यंत पोहोचली. दुसरीचा टॉवेल अजून चिकट आहे.